पंचाहत्तर अंशांची अक्षरं

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्यापूर्वी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मराठीत चार ओळी लिहून छापायला द्याव्यात असं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आले असं घरात सांगतात. बरोबर आणलेली मराठी आम्ही वापरून वापरून मऊ केली आणि जिथं फाटली तिथं कानडीचं ठिगळ लावलं. माझी शाळा कानडीत झाली, कॉलेज इंग्रजीत. मराठी लिहायला शिकलो ते समाजाच्या रविवारच्या वर्गात, तेही थोडंफार. त्यात विषय असा की वाचणाऱ्याला वाटावं, हा काय लिहायचा विषय आहे? इंग्रजी अक्षरांचं एक वळण, बस. तरी लिहितो, कारण ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि तिच्यात मी चांगला वागलो नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या सरांनी पहिले तीन आठवडे आम्हाला यंत्राची एक रेघ काढू दिली नाही. फक्त अक्षरं. पुस्तकात छापलेल्या इंग्रजी अक्षरांना टोकाशी बारीक आडवे पाय असतात. आमच्या अक्षरांना तसे पाय नव्हते. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ, आणि सगळं अक्षर उजवीकडे पंचाहत्तर अंशांत कललेलं. पंचेचाळीसचा गुण्या, म्हणजे आखायची त्रिकोणी पट्टी, आणि तिसाचा गुण्या एकमेकांना लावले की हा कोन मिळतो. यंत्राच्या चित्रात रेघा बहुतेक उभ्या नाहीतर आडव्या असतात. त्यांच्या गर्दीत सूचना चटकन वेगळी दिसावी म्हणून अक्षर तिरकं, असं सर सांगत.

ऐकायला सोपं वाटतं. उभं अक्षर घ्यायचं आणि बाजूला ढकलायचं. मीही आधी तसंच केलं. ढकललेला ओ एका कोपऱ्यात सुजल्यासारखा दिसायला लागला, आणि एस तर पायरी चुकलेल्या माणसासारखा पुढे पडत होता. ए या मोठ्या अक्षराचा डावा पाय लांब पसरवून उजवा जवळजवळ उभा ठेवावा लागतो, तेव्हा कुठं तो दोन्ही पायांवर सारखा उभा वाटतो. म्हणजे तिरकं अक्षर हे उभ्याचं वाकवलेलं रूप नव्हे, ते मुळापासून वेगळं आखावं लागतं. हे मला कळायला महिना लागला.

माझ्या शेजारच्या बोर्डावरच्या मुलाला ते पहिल्या दिवसापासून येत होतं.

तो महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या घरातला. वडील सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. त्याच्या पेटीतली उपकरणं वडिलांनी वापरलेली, मखमलीच्या खाचांत बसवलेली. माझी दुसऱ्या हातची, आणि कंपासचा स्क्रू ढिला. पण मत्सर उपकरणांचा नव्हता. तो पुण्याची मराठी बोलायचा. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्याला आनंद झाला, म्हणाला, "अरे, तू पण आपलाच की." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. मला मात्र त्यातला 'पण' खुपला.

आणि त्याची अक्षरं. पेन्सिलीवर जोर नाही, खोडणं नाही, वाक्य लिहीत जावं तसा तो एकेक अक्षर ठेवत जायचा आणि सगळी एकाच वाऱ्यानं झुकल्यासारखी दिसायची. तो पाणी प्यायला गेला की मी माझा कोनमापक त्याच्या कागदावर ठेवायचो. एकदा त्याचा के एक अंश जास्त कललेला सापडला. तो दिवस मला फार चांगला गेला. एकदा मी त्याच्या एसवर पारदर्शक कागद ठेवून चोरून गिरवून घेतला, घरी नेला, आणि त्याच्याबरहुकूम शंभर वेळा काढला. शंभरावा जवळ जवळ तसाच आला. तेव्हा मला त्याचा आणखी राग आला, कारण शंभर वेळा काढून माझ्याकडे जे आलं ते त्याच्याकडे एका वेळेत होतं.

मी सराव करायचो तो चिकपेटच्या आमच्या दुकानात, कपड्याचे नमुने कापायच्या खाकी कागदावर. आम्ही शिंपी. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकार वाचता यायचा. एका संध्याकाळी त्यांनी कागद उचलून लांब धरला आणि विचारलं, हे सगळं पडतंय का मुद्दाम वाकवलंय. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तिरकं कापलं की कापड ओढ घेतं. सरळ कापासारखं धरून चालत नाही." मग शिलाई मशीनच्या मानेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं कंपनीचं नाव दाखवून त्यांनी विचारलं, हेसुद्धा कुणीतरी आधी हातानं काढलं असेल ना? मी हो म्हटलं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वीस वर्षं ती त्यांच्या समोर होती आणि त्यांनी पहिल्यांदाच तिकडे अशा नजरेनं पाहिलं असावं.

दुसऱ्या सत्रात सरांनी वर्गात एक गोष्ट जाहीर केली. शहराबाहेर यंत्रं बनवणारा एक सरकारी कारखाना होता. प्रत्येक यंत्रावर काळ्या पत्र्याच्या लहान पट्ट्या बसवत: वेग किती, दांडा कुठल्या दिशेला फिरवायचा, तेल कुठं घालायचं. या पट्ट्यांवरची अक्षरं कोरायचा मूळ संच परदेशातून आलेला होता. तिथल्या एका अधिकाऱ्याला वाटत होतं की यंत्र आपण केलं तर त्यावरची अक्षरंही आपल्याच कुणीतरी आखावीत. यंत्राचं नाव उभ्या अक्षरांत, आणि कामगारानं वाचायच्या सूचना तिरक्या, बिनपायांच्या अक्षरांत. सव्वीस मोठी, सव्वीस लहान, दहा अंक. वर्गातून एक तक्ता निवडला जाणार होता आणि तो पितळेत उतरणार होता.

मला ते हवं होतं. इतकं की त्या आठवड्यात मला जेवणाची चव कळत नव्हती. आपली अक्षरं देशभरच्या कारखान्यांत यंत्रांवर असतील, आणि ती कुणी काढली हे विचारणारा एखादा माणूस तरी कुठंतरी असेल. त्या मुलाला मिळालं असतं तर त्याच्या घरात एका संध्याकाळी चहाबरोबर बोलणं झालं असतं, आणि विषय संपला असता. मला मिळालं असतं तर आमच्या गल्लीत वर्षभर पुरलं असतं. असा हिशेब मी मनाशी मांडला होता. म्हणजे हक्क माझाच होता.

तक्ता करण्याआधी सर आम्हाला कारखान्यात कोरकामाची खोली दाखवायला घेऊन गेले. तिथं दोन हातांचं एक यंत्र होतं. एका बाजूला पितळी पट्टीत मोठ्या आकाराचं अक्षर खोदलेलं. कारागीर त्या खाचेतून एक बोथट सुई फिरवतो, आणि दांड्यांच्या जोडणीमुळे दुसऱ्या बाजूचं फिरतं पातं तेच अक्षर लहान करून पत्र्यावर कोरतं. मग खाचेत पांढरा रंग भरतात आणि वरचा पुसून काढतात. तिथं तिघं कारागीर काम करत होते. आम्ही सगळे यंत्राकडे पाहत होतो, माणसांकडे कुणी पाहिलं नाही.

मी मात्र पात्याकडे पाहत राहिलो. अक्षर लहान होत होतं, पण पात्याची जाडी तीच राहत होती. म्हणजे मोठ्या तक्त्यावर सहाच्या पोटात कितीही ऐसपैस जागा दिसली तरी लहान पट्टीवर पातं दोन्हीकडून ती खाणार. उरलंसुरलं रंग भरणार. त्यातून अक्षर तिरकं, त्याचं पोट आधीच चेपलेलं. आमच्या दुकानात हे पहिल्या दिवशी शिकवतात: कापताना शिवणीसाठी माया सोडायची, नाहीतर मापानं कापलेला सदरा अंगात शिरत नाही. कागदावर बरोबर दिसणारं माप हे बरोबर माप नसतं.

माझ्या तक्त्यात मी तशी माया सोडली. सहा आणि नऊची पोटं मोठी केली, आठाची कंबर रुंद केली, तिनाची दोन्ही तोंडं नेहमीपेक्षा जास्त उघडी ठेवली. लहान ए आणि ई यांचंही तसंच. कागदावर ते देखणं दिसत नव्हतं हे मलाही दिसत होतं. पण लहान झाल्यावर तेच वाचता येणार होतं, याची मला खात्री होती.

निवडीच्या दिवशी सगळे तक्ते भिंतीवर टाचले होते. सर इंग्रजीत शिकवत, विनोद मात्र कानडीत करत. शेजारच्या त्या मुलाच्या तक्त्यापुढे त्यांनी एकेक ओळ दोनदा वाचली. माझ्यापुढे आले आणि म्हणाले की अक्षरं मेहनतीची आहेत, पण हे अंक म्हणजे काकाचा कोट घालून लग्नाला आलेला पोरगा. त्यांना माझ्या घराबद्दल काही माहीत नव्हतं. वर्गाला माहीत होतं, आणि वर्ग त्या अर्थानं हसला. मी आधी त्या मुलाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो माझ्या सहाकडे पाहत होता. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा सरांना सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं: सर, पात्याला जाडी असते, म्हणून मी जागा सोडली आहे. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी बुजरा होतो, शिंप्याच्या घरातली गोष्ट इंजिनिअरांपुढे काय काढायची, म्हणून गप्प बसलो. सरांपुढे गप्प बसलो त्याला ते कारण चालेल. त्यानंतर जे झालं त्याला चालत नाही.

त्याचा तक्ता निवडला गेला. संध्याकाळी मी बस थांब्यावर उभा होतो, तर तो धावत आला. वाटलं, पेढे द्यायला आला असेल. पण त्यानं निवडीचं नावसुद्धा काढलं नाही.

"एक विचारू? तू अंक एवढे मोकळे का ठेवलेस? ते चुकून झालेलं वाटत नाही."

"सहज," मी म्हणालो. "हात तसा वळला."

"खरंच? कारण मी मगाशी बघत होतो, मला वाटलं तुझ्या मनात काहीतरी..."

"सांगितलं ना, सहज."

तो अजून काही विचारणार होता. बरं म्हणायचं ते कानडीत तोंडातून गेलं. मी, "सरी, बस आली," म्हणून चढलो. ती माझी बस नव्हती. ती चामराजपेटला जात होती, आणि तिथून मी चालत घरी आलो. चालताना माझ्या मनात एकच चित्र होतं: काळ्या पट्टीवर पांढऱ्या रंगानं बुजलेला त्याचा आठ. ते चित्र मला गोड लागत होतं, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात तो सरांबरोबर कारखान्यात दोनदा गेला असं ऐकलं. मी त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही. कुणी तो विषय काढला की मी पेन्सिलीला टोक करायला लागायचो. बोर्डाची जागासुद्धा खिडकीजवळ बदलून घेतली. परीक्षा झाली, सुट्टी लागली. सुट्टीत तो दोनदा आमच्या घराचा पत्ता शोधत आला. पहिल्यांदा मी खरंच दुकानात होतो. दुसऱ्यांदा आतल्या खोलीत होतो, आणि अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, मी नाही म्हणून सांगायला लावलं. ती बाहेर जाऊन म्हणाली, "तो नाही बघा." मग आत येऊन म्हणाली, मुलगा फार चांगला दिसतो, तुझं त्याच्याशी काय बिनसलंय? मी म्हणालो, माझं काही बिनसलेलं नाही. ती म्हणाली, मग मला खोटं का बोलायला लावतोस. मला वाटत होतं की तो पितळी अक्षरांची बढाई मारायला आला असणार. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्याच्या वडिलांची बदली होऊन ते कुटुंब गेलेलं होतं.

मी शिकून एका पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायला लागलो. पहिल्याच वर्षी आमच्या कार्यशाळेत त्या कारखान्याचा एक नवा लेथ आला. लाकडी खोक्याच्या फळ्या काढल्यावर मला पट्टी दिसली: काळ्यावर पांढरी, तिरकी, बिनपायांची अक्षरं. विद्यार्थी लेथभोवती जमले होते. मी त्या पट्टीसमोर वाकून उभा राहिलो.

सहा मोकळा होता. आठही मोकळा. तिनाची तोंडं उघडी, अगदी लहान आकारातही स्पष्ट.

मला जे वाटलं ते सरळ लिहितो. मला वाटलं, यानं माझी कल्पना चोरली. बस थांब्यावर मला विचारलं, मी सांगितलं नाही तरी ओळखलं, तक्ता बदलला, आणि माझं श्रेय घेऊन बसला. माझी माया त्याच्या नावावर. त्या दिवसापासून त्या पट्ट्या मला सगळीकडे दिसायला लागल्या: गॅरेजमध्ये, छापखान्यात, एका ओळखीच्या माणसाच्या ड्रिलिंग मशीनवर. प्रत्येक वेळी मी थांबून पाहायचो. वर्गात एस शिकवताना त्या पट्टीकडे बोट दाखवून सांगायचो की हा जरा मागे रेलतो, असा काढू नका. तो रेलत नव्हता. मुलं माना डोलवत आणि वहीत लिहून घेत. सहाबद्दल मात्र मी कधी वाईट बोलू शकलो नाही, म्हणून त्याबद्दल बोलतच नसे. अशी पाच-सहा वर्षं गेली. एखाद्या माणसावर इतकी वर्षं जळत राहायचं तर तो माणूस जवळ असावा लागतो असं म्हणतात. मला एक पट्टी पुरली.

मागच्या वर्षी चामराजपेटला समाजातल्या एका लग्नात मी जेवायला बसलो होतो. शेजारी मुलीकडचे एक वयस्क गृहस्थ होते. हातांची बोटं चपटी झालेली, नखांत काळं बसलेलं. पान वाढेपर्यंत बोलणं निघालं. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो म्हटल्यावर ते मला मास्तर म्हणायला लागले, मी त्यांना अण्णा. ते त्या कारखान्यात कोरकामाच्या खोलीत होते. नुकतेच निवृत्त झाले होते.

मी जेवता जेवता, सहज विचारल्यासारखं करत म्हणालो, तुमच्या पट्ट्यांवरची तिरकी अक्षरं इथल्याच एका विद्यार्थ्यानं काढलेली आहेत ना?

ते हसले. "कोण म्हणतं? ती परदेशची आहेत मास्तर. पहिल्यापासून तीच. त्यांच्या संचात उभी पण होती, तिरकी पण होती. एकदा कॉलेजच्या एका पोरानं काढून आणली होती खरी. काय सुंदर, तुम्हाला काय सांगू. मीच पितळेत उतरवली. पण पट्टीवर घेतली, रंग भरला, पुसलं, आणि सहा, आठ, नऊ सगळे एकच. स्वल्पसुद्धा फरक नाही. वेगाच्या पट्टीवर असं चालेल का? माणसाचा हात जाईल."

मी भाताचा घास हातात धरून विचारलं, मग?

"मग साहेब म्हणाले, हौस झाली, आपला जुना संच बरा. कॉलेजला सुट्टी लागली होती, पोरगं तिथंच उभं होतं. रडवेलं झालं, पण पळून नाही गेलं. साहेबांना म्हणालं, माझ्या वर्गात शिंप्याच्या घरचा एक मुलगा आहे, त्यानं अंक मोकळे सोडलेत, त्याला हे आधीच कळलं होतं. आठ दिवस द्या, अक्षरं माझी राहू देत किंवा सगळी त्याचीच घ्या, पण त्याला बोलवा." अण्णांनी पानावरचा भात कालवला. "साहेब म्हणाले, ठीक, घेऊन ये त्याला. आठ दिवस नाही, पंधरा दिवस वाट पाहिली आम्ही. पोरगं एकदा येऊन सांगून गेलं, मी दोनदा त्याच्या घरी गेलो, तो भेटला नाही."